वीतभर भिलाई

"पहिले मानूस कर, मंग दार," असं म्हणत जानरावनं हिरालालच्या हातातलं पुठ्ठ्याचं दार काढून घेतलं आणि त्याच्या शेजारी मातीचा बोटभर माणूस उभा केला. माणसाचं डोकं दाराच्या अर्ध्यावरही पोचलं नाही.

"ह्या दारातून हत्ती जाईन गा. तुही बायको हत्ती आहे का?"

बराकीत बसलेले सगळे हसले. हिरालाल कापगते स्वतःही हसला. "मोठं दार पाहून तिले बरं वाटन म्हनलं."

"बरं नाई वाटत. भेव वाटते. आपल्याले तिले भेववाचं नाई, आनाचं आहे."

१९६० साल नुकतंच लागलं होतं. खुर्सीपारच्या बाजूला मजुरांच्या कॅम्पात टिनाच्या छपराच्या लांबच लांब बराकी होत्या आणि त्यांतल्या एकीत दर रविवारी दुपारी ही शाळा भरायची. शिकणारे सगळे बाप्ये. कुणी जड मशिनी हलवणारा खलाशी, कुणी फिटरचा हेल्पर, कुणी गवंड्याच्या हाताखालचा. शिकवणारा जानराव रामटेके, आमगावच्या पुढच्या बोडीटोल्याचा. शिकायचं काय, तर दीड हात लांबीच्या फळीवर भिलाई उभी करायची. सगळी नाही. आपल्याला मिळालेलं क्वार्टर, त्याच्यासमोरचा रस्ता, आणि मागं दूरवर कारखान्याच्या चिमण्या.

त्या दिवसांत भिलाईत सगळंच अर्धं होतं. अर्धे रस्ते, अर्ध्या भिंती, अर्धे बांधलेले पूल, आणि अर्धी कुटुंबं. माणसं इथं, बायका-पोरं गावी. पहिल्या एक-दोन वर्षांत काही बायका आल्या होत्या, पण टिनाखाली उन्हाळा काढून आणि टँकरच्या पाण्यासाठी भांडून त्या परत गेल्या. गेल्या त्या गोष्टी घेऊन गेल्या. तिथं रात्र होतच नाही, आभाळ लाल राहतं. भट्टीच्या पायात माणूस पुरतात. झाड म्हणून नाही. पुढं सेक्टरांमधून पक्की घरं उठली, नळ आले, बिजली आली, तरी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या गावांत त्या जुन्याच गोष्टी फिरत होत्या.

जानरावला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं तेव्हा तो रजा टाकून गावी गेला. दोन खोल्या, रांधायची खोली, मागं आंगण, पुढं व्हरांडा, असं सगळं त्यानं बायकोला, चंपाला, हातवारे करकरून सांगितलं. चंपानं ऐकून घेतलं. संडासही घरातच आहे म्हटल्यावर तिनं पदर नाकाला लावला.

"रांदाच्या खोलीजवर? छी व माय!"

"आंगनात आहे. दूर आहे."

"आंगन केवढं?"

जानरावनं हात पसरले. मग थोडे जवळ आणले. मग पुन्हा पसरले.

"तुमी सांगता, पन मले काई दिसत नाई," चंपा म्हणाली. "न दिसनाऱ्या घरात मी पोराले घेऊन कशी येऊ?"

हे बोलणं त्याच्या मनात बसलं. परत आल्यावर त्यानं यार्डातल्या स्टोअरबाबूला विचारून खोक्यांच्या फुटक्या पट्ट्या मागून घेतल्या. जानराव आणि हिरालाल एकाच गँगमध्ये होते. रशियाहून आलेल्या मशिनींची घराएवढी खोकी खोलायची आणि आतला माल साखळ्यांनी उतरवायचा, हे त्यांचं काम. त्या खोक्यांचं लाकूड पांढरं, मऊ, वासाचं होतं. लहानपणी तान्ह्या पोळ्याला मोहल्ल्यातल्या पोरांसाठी जानराव लाकडाचे बैल कोरायचा. तेवढीच त्याची कला. पण त्यानं चिकाटी धरली. सिमेंटच्या थैल्यांचा कागद एकावर एक खळीनं चिकटवून छप्पर केलं. चुन्यात नीळ घालून भिंती रंगवल्या. घोसाळ्याची वाळलेली जाळी तोडून हिरव्या रंगात बुडवली तर झाडं झाली. सरस लावून वर रंगवलेला भुसा पेरला तर गवत झालं. छप्पर उचललं की आतल्या खोल्या दिसायच्या. चुलीपाशी कापूस घालून मळलेल्या मातीची एक बाई बसवली, चंपाच्या जुन्या चोळीची चिंधी तिला नेसवली. आणि आंगणात, भिंतीला, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून नळ केला.

ते सगळं खोक्यात बसवून तो पुन्हा बोडीटोल्याला गेला. घराच्या ओट्यावर ठेवलं. मोहल्ला गोळा झाला. चंपा सगळ्यांच्या मागं उभी होती. लोक पांगल्यावर ती पुढं आली, उकिडवी बसली, आणि नळाला बोट लावलं.

"हे काय?"

"नळ."

"ह्याले पानी कोन टाकून देते?"

बोडीटोल्यात पाटलाच्या विहिरीवर जानरावच्या मोहल्ल्यातल्या बायकांना काठावर चढता येत नसे. खाली घागर ठेवून उभं राहायचं, कुणी येईल, कुणी वरून ओतील.

"कोनी नाई टाकून देत," जानराव म्हणाला. "आपन फिरवाचं. येते."

"आन् बाजूच्याईनं पाह्यलं तं?"

"पाहू दे. त्याईचा त्याईले, आपला आपल्याले."

चंपा त्या व्हॉल्व्हचं टोक नखानं फिरवत राहिली. इकडं, तिकडं, पुन्हा इकडं. मग उठली आणि म्हणाली, "धान निंगालं का येतो. पोराले सदरा शिवा लागन."

यार्डात ही गोष्ट पसरली. ज्याला त्याला तसं खोकं हवं झालं. जानराव म्हणाला, मी करून देणार नाही, शिकवतो. आपलं घर आपल्या हातानं करा, म्हणजे बायकोनं काही विचारलं तर सांगता येईल.

असे ते रविवार सुरू झाले. सिगडीवर सरसाची डबी उकळायची, तिचा घाण वास बराकभर भरायचा, आणि दिवसभर लोखंडाच्या साखळ्या ओढणारे हात आगपेटीच्या काड्यांची खाट जुळवताना थरथर कापायचे. देवीदासनं खोक्याच्या झाकणावर आतून आभाळ रंगवलं, त्याला भट्टीचा उजेड म्हणून इतका गेरू फासला की जानराव कपाळाला हात लावून बसला.

"अबे, तुही माय म्हनन घराले आग लागली! थोडासाक लाल. खाली, चिमन्याईच्या मांगं. वर काया आभाळ राहू दे."

चिमण्या लांब दिसत नव्हत्या. जानरावनं सांगितलं, "लहान कर. लहान केली का दूर जाते." देवीदासनं दोन बोटांची चिमणी काढून अर्ध्या बोटाची लावली. लगेच घर आणि कारखाना यांच्यामध्ये कोसभर मैदान पसरलं. "जादू आहे बे," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ चिमण्या पुढं-मागं सरकवत बसला.

जानरावचा एकच कायदा होता. जे तिथं नाही ते खोक्यात ठेवायचं नाही. बाबुलालनं आंगणात आंब्याचं भलंमोठं झाड लावलं.

"आंबा कुठी आहे तठी?"

"लावीन ना मी."

"लावशीन तवा लाव. आता खड्डा कर."

बाबुलाल कुरकुरला, पण त्यानं झाड उपटलं आणि तिथं बोटानं खड्डा केला. पुढं त्याची बायको आली ती आल्या आल्या मागच्या आंगणात गेली आणि म्हणाली, "खड्डा कुठी आहे?" बाबुलालला त्याच दिवशी कुदळ शोधावी लागली.

होळीच्या रजेला दुर्गहून गोंदियाकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये ही माणसं चढायची तेव्हा पेटी-वळकटी खाली आणि खोकं मांडीवर. डोंगरगड आलं की कुणीतरी विचारायचंच, यात काय आहे. मग झाकण उघडायचं, छप्पर उचलायचं. सालेकशापर्यंत सगळा डबा भिलाई पाहून घ्यायचा. तिकीट तपासनीसही वाकायचा. किती गेली तशी खोकी त्या गाड्यांमधून, कुणाला ठाऊक. कुठं उंदरांनी खाल्ली असतील, कुठं पोरांनी मोडली असतील. पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सेक्टरांमधून जी बिऱ्हाडं आली, त्यांतल्या बऱ्याच बायका घरात पाऊल टाकण्याआधीच चूल कुठं आहे ते जाणत होत्या.

हिरालाल साकोलीकडचा, शेतकरी घरातला. कॅम्पात आला तेव्हा त्यानं आपली चूल वेगळी मांडली होती. पहिल्याच पावसाळ्यात त्याला ताप भरला. सगळे ड्यूटीवर, आणि तो एकटा बराकीत पडून. जानरावची दुसरी पाळी होती. त्यानं तांदळाची पेज केली, मीठ घातलं, आणि वाटी त्याच्यासमोर धरून विचारलं, "खाशीन का?" हिरालालनं वाटीकडं पाहिलं, जानरावकडं पाहिलं, आणि खाल्ली. ताप उतरल्यावर वेगळी चूल पुन्हा पेटलीच नाही. खलाश्यांच्या गँगमध्ये दोघं एका साखळीवर असायचे. जड मशीन हलेना की हिरालाल ओरडायचा, "हैऽऽस्सा!" आणि जानराव खांदा लावायचा.

म्हणून क्वार्टरं मिळाली आणि ती नेमकी लागून निघाली तेव्हा हिरालालनं यार्डात पेढे वाटले. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मध्ये एकच भिंत. "आता झोपेतबी तुह्यं घोरनं आयकाचं," तो म्हणाला होता.

दाराचा हत्ती झाला त्या रविवारी सगळे गेल्यावर हिरालाल मागं राहिला. त्याचं काम जवळजवळ पुरं झालं होतं. छपराखाली दोन्ही घरं होती, त्याचं आणि जानरावचं, कारण छप्पर एकच होतं. दोन्ही व्हरांडे होते. जानरावच्या व्हरांड्यात चंपा म्हणून एक बाई उभी केली होती.

"जानराव, एक गोष्ट म्हनू का?"

"म्हन."

"तुह्या बाजूचं... नाई ठेवलं तं?"

जानराव सरसाची डबी खरवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"माय पाहीन ना गा हे. पहिले बायकोच्या हाती जानार नाई, मायच्या हाती जाईन. ते इचारन, बाजूले कोन."

"मंग सांग ना. जानराव रामटेके, बोडीटोल्याचा."

हिरालालनं छपराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुले मालूम आहे ना सारं. मले काई नाई. मी तुह्या हातची पेज खाल्ली. पन कॅम्पातली गोष्ट अलग राहते, घरची अलग. तिनं बायकोले येऊ देल्लं नाई तं मी काय करू?"

बाहेर कुणीतरी बालटी आपटली. जानरावनं डबी खाली ठेवली, फडक्याला हात पुसले, आणि खुंटीवरची बारीक आरी काढून त्याच्यापुढं ठेवली.

"मधली भिंत तुह्याकडं ठेव. नाई तं छप्पर पडन."

हिरालाल आरी हातात घेऊन बसून राहिला. मग त्यानं ती टेकवली, तर फळी घसरत होती. तेव्हा जानरावच पुढं झाला, दोन्ही हातांनी फळी दाबून धरली, आणि म्हणाला, "चालव." हिरालालनं चालवली. खोक्याचं लाकूड मऊ, वेळ लागला नाही. आपला अर्धा भाग कागदात गुंडाळून तो निघून गेला. उरलेला अर्धा, एका बाजूनं उघडा, जानरावनं थोडा वेळ पाहिला. मग त्यातली चंपा काढून खिशात टाकली आणि लाकूड सिगडीत घातलं. सरस गरम ठेवायला लाकूड लागतच होतं.

चंपाला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी हिरालालची बायको आली. वच्छला नाव, अठराची असेल नसेल, माहेरी आई नव्हती. बिजलीचं बटण दाबताना डोळे मिटून घ्यायची. चंपानं तिला सिगडी पेटवायला शिकवलं, नळाखाली घागर कशी तिरपी धरायची ते दाखवलं, बाजाराची बस दाखवली. वच्छलाला सगळं दोनचार दिवसांतच कळलं. चंपाच्या पुढच्या खोलीत दारासमोरच बाबासाहेबांचा आणि भगवान बुद्धांचा फोटो होता, आणि सकाळी येणारे-जाणारे 'जयभीम' घालायचे. तिनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा चंपाकडं पाहिलं, आणि विचारलं, "चंपाबाई, तुमी भाजीत तीळ टाकता का व?" गावी काही कळवलं नाही.

भिंत एवढी पातळ होती की थाप मारली की पलीकडं ऐकू जायचं. एक थाप म्हणजे ये. दोन थापा म्हणजे येते, पण थांब. हिरालाल आणि जानराव पाळीवरून येऊन व्हरांड्यात बसायचे, दोघांच्या मध्ये फक्त हातभर उंच कठडा. सेक्टरात तेव्हा झाडं गुडघ्याएवढी होती. संध्याकाळी भट्टीतला उजेड आभाळावर चढला की सगळी घरं एकदम लालसर व्हायची, आणि कुणाकुणाच्या घरातून तेलुगू, पंजाबी, बंगाली, छत्तीसगढी बोलणं, भांडण, रेडिओ असं सगळं एकत्र ऐकू यायचं. जानराव पुढं म्हणायचा की आपण सुखी आहोत हे माणसाला तेव्हा कळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असते.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात वच्छलाला मुलगी झाली. शालू. तिला तेल लावून न्हाऊ घालायचं चंपानंच आपल्याकडं घेतलं. पाय पसरून, त्यावर पोर पालथी घालून, तिच्याशी बोलत बोलत. वैशाख लागला आणि हिरालालच्या आईचा, गिरजाबाईचा, निरोप आला. नात पाहायला येते.

त्या संध्याकाळी हिरालाल जानरावच्या व्हरांड्यात आला. कठडा नेहमीच ओलांडायचा, पण त्या दिवशी पायऱ्यांवरून आला.

"माय चार-आठ दिवस राहीन."

"राहू दे ना."

"ते फोटो... समोरच दिसते. तेवढे दिवस आतल्या खोलीत लावले तं?"

आत चंपा तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

जानराव शांतपणे बोलला. "खोक्यातलं घर होतं ते मी कापू देल्लं, हिरालाल. फयी मीच धरली. हे राहाचं घर आहे."

"चारच दिवस गा."

"एक दिवस नाई."

हिरालाल गेल्यावर चंपानं विचारलं, "खोक्यातलं काय म्हनलं तुमी?" तेव्हा त्यानं सांगितलं. चंपा ऐकत राहिली. मग उठली, पदरानं फोटोंच्या काचा पुसल्या, आणि पुन्हा तांदळापाशी येऊन बसली. "वच्छलाचा काई गुना नाई त्याच्यात," एवढंच म्हणाली.

गिरजाबाई ठेंगणी, ताठ, बोलकी म्हातारी. आल्या आल्या तिनं शेजारच्या पंजाबणीशी खुणांनी बोलून लोणच्याची ओळख काढली. संध्याकाळी व्हरांड्यात बसली आणि कठड्यावरून चंपाला हाक मारली.

"कोन गावच्या व तुमी?"

"बोडीटोल्याच्या."

"अस्सं! आपल्याकडच्याच. घरचे कोन?"

"आमी बौद्ध आहो, माय."

"अस्सं, अस्सं," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिनं फक्त लुगडं आवरून घेतलं आणि पाय आत ओढले. थोड्या वेळानं ती आत गेली आणि दार लागलं.

सकाळी तिनं मुलाला विचारलं, "हा पाइप कुठून येते?" पाइप जानरावच्या आंगणातून भिंत फोडून येत होता. आधी त्यांचा नळ, मग यांचा. म्हातारीनं तोंडही धुतलं नाही. तेव्हापासून हिरालाल रोज ड्यूटीच्या आधी सायकलला दोन डबे टांगून जुन्या गावातल्या विहिरीवर जायला लागला. वैशाखातलं ऊन, चढाचा रस्ता. येईस्तोवर डब्यातलं अर्धं पाणी त्याच्या पायांवर सांडलेलं असायचं. जानराव व्हरांड्यात दात घासत उभा असायचा. दोघांची नजरानजर व्हायची. वच्छला मात्र नळाचंच पाणी प्यायची, सासू आंघोळीला बसली की.

शालूला आता विहिरीच्या पाण्यानं न्हाऊ घालायचे, आणि न्हाऊ घालायची आजी. तिचे हात खरबरीत होते की पाणी थंड होतं, पोर रोज किंचाळून रडायची. चंपा इकडं भिंतीशी उभी राहायची. एकदा पलीकडून एक थाप आली. चंपानं हात उचलला, पण उत्तर दिलं नाही. ती वच्छला होती की भांडं आपटलं होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

चार-आठ दिवसांचा महिना झाला. एके दिवशी हिरालालनं यार्डात, साखळी ओढता ओढता, सांगितलं की त्यानं क्वार्टर बदलून घेतलंय. एक तेलुगू फिटर इकडं येणार, हा तिकडं, दूरच्या सेक्टरात. माय म्हणाली म्हणून.

"बरं," जानराव म्हणाला. "साखळी धर."

बिऱ्हाड हलवायच्या दिवशी जानराव रात्रपाळी करून सकाळी घरी येत होता. वच्छला, पोर आणि म्हातारी रिक्षानं पुढं गेल्या होत्या. जाण्याआधी वच्छला चंपाच्या व्हरांड्यापर्यंत आली होती, शालूला घेऊन. सासू रिक्षात बसून पाहत असताना तिनं पोर चंपाच्या हातात दिली. चंपानं पोरीचं डोकं हुंगलं आणि परत दिली.

जानराव वळणावर आला तेव्हा हिरालालची हातगाडी दिसली. पेटी, खाट, सिगडी, कोळशाची गोणी, सगळं एकट्यानं रचलेलं. नव्या रस्त्यावर नुकताच मुरूम टाकला होता आणि एक चाक त्यात रुतलं होतं. हिरालाल पुढून ओढत होता, गाडी जागची हलत नव्हती. जानराव क्षणभर थांबला. मग त्यानं डब्याची पिशवी गाडीवर ठेवली आणि मागं जाऊन खांदा लावला.

हिरालालनं वळून पाहिलं. गाडीचा दांडा पुन्हा घट्ट धरला.

"हैस्सा," तो हळूच म्हणाला.

चाक निघालं. त्यानंतर जानराव मागंच राहिला. दोन सेक्टर ओलांडले, बाजार ओलांडला. ऊन चढत होतं. बऱ्याच वेळानं हिरालाल पुढं बघतच बोलला.

"राग आला असन ना गा."

"पयले आला होता. फयी कापली तवा." जानराव थोडं अंतर चालला. "आता चंपाची काळजी वाटते. पोरगी रडली का ते उठून बसते. आता तं रडनंबी आयकू येनार नाई."

हिरालाल गाडी ओढत राहिला.

नवं क्वार्टर जुन्यासारखंच होतं. तोच व्हरांडा, तोच कठडा. दोघांनी सामान उतरवून व्हरांड्यात मांडलं. पेटी जड होती, ती दोघांनी मिळून धरली. उंबऱ्यापाशी जानरावनं आपलं टोक खाली ठेवलं आणि हिरालालनं ती एकट्यानं आत ओढली. जानरावचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. रात्रभराची पाळी डोळ्यांत उतरली होती.

"थांब, पानी आनतो," हिरालाल आतून म्हणाला. "जाऊ नोको."

जानराव पायरीपाशी उभा राहिला. आत भांड्यांचा आवाज झाला. मग म्हातारीचा आवाज आला, रागाचा नाही, घरात सहज सांगावं तसा. "अरे, तो फुटका कप काढून ठेवला आहे पाह्य बाहीर. त्याच्यात दे. लोटा नोको नेऊ."

आत पेटीची कडी वाजली.

जानरावनं गाडीवरची आपली पिशवी घेतली, दांड्याला अडकवली, आणि गाडी वळवली. भाड्याची होती, खुर्सीपारला परत द्यायची होती, आणि त्याला त्याच रस्त्यानं जायचं होतं. रिकामी गाडी हलकी चालत होती. चाकांच्या लोखंडी पट्ट्या खडीवर मोठ्यानं वाजत होत्या.

हिरालाल बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लग्नातला पितळेचा लोटा होता, घासलेला, काठोकाठ भरलेला. आतून म्हातारी त्याला नावानं हाका मारत होती. पायरीवर कुणी नव्हतं. तो रस्त्यापर्यंत गेला. जानराव वळणापाशी पोचला होता, एका हातानं गाडी ढकलत, दुसऱ्या हातानं डोळ्यांवर आलेलं ऊन आडवत.

हिरालालनं तोंड उघडलं, पण गाडीच्या खडखडाटात हाक पोचली नसती. तो दोन्ही हातांत लोटा धरून तिथंच उन्हात उभा राहिला, पाणी सांडू न देता.